मुरलेला दगड

हट्टा हे हिंगोली जिल्ह्याच्या वसमत तालुक्यातलं गाव. इथून अरबी समुद्र सरळ रेषेत मोजला तरी चारशे किलोमीटरच्या पुढे. पायाखाली काळा पाषाण, त्यावर काळी माती, मातीत हळद. अशा ठिकाणी काचेच्या टाकीत खारं पाणी भरून समुद्रातले मासे पाळायचे म्हणजे गावाच्या नावाला शोभेल असा हट्टच. तो पुरवता येतो. फक्त सुरुवात माशापासून नाही, दगडापासून करावी लागते. आणि त्या दगडात चालणारा कारभार हळद पिकवणाऱ्याला नवा नाही.

या छंदात ज्याला ‘लाइव्ह रॉक’ म्हणतात, तो दगड स्वतः जिवंत नसतो. तो मेलेल्या प्रवाळांचा चुनखडी सांगाडा, आतून भोकाभोकांचा. जिवंत असतात ते त्यातले बिऱ्हाडकरू: जिवाणू, शेवाळं, स्पंज, किडे. इंडोनेशियातल्या ली चिन एंग यांनी 1961 मध्ये आपल्या टाक्यांची हकीकत लिहिली, तेव्हा माशांच्या शौकिनांना हे पहिल्यांदा नीट कळलं. त्यांच्या टाकीत समुद्रातले असे दगड आणि हवेचे बुडबुडे, एवढाच सरंजाम होता, आणि मासे जगत होते.

मासा कल्ल्यांतून अमोनिया टाकत असतो. समुद्रात तो विरून जातो. शंभर लिटरच्या टाकीत जाणार कुठे? त्यात खाऱ्या पाण्याचा सामू 8.2 च्या आसपास. सामू 7 असताना अमोनियाचा जेवढा भाग विषारी रूपात असतो, त्याच्या दहापटीहून जास्त भाग इथे असतो. दगडावरचे जिवाणू या अमोनियाचं नायट्राइट करतात, दुसरे त्या नायट्राइटचं नायट्रेट. शेतात टाकलेल्या युरियाचंही शेवटी हेच होतं. पुढची गंमत दगडाच्या पोटात आहे. तिथे प्राणवायू पोचत नाही, म्हणून तिथले जिवाणू नायट्रेटमधला प्राणवायू वापरतात आणि उरलेला नायट्रोजन वायू होऊन उडून जातो. पावसाळ्यात काळ्या रानात पाणी तुंबलं की टाकलेलं खत वाया जातं, त्याचं एक कारण हेच. शेतकऱ्याचा तोटा तो मासेवाल्याचा नफा.

हे अमोनिया खाणारे सगळे जिवाणूच असतील असं शास्त्रज्ञ धरून चालले होते. 2005 मध्ये अमेरिकेतल्या सिएटलच्या मत्स्यालयात, उष्ण समुद्रातल्या माशांच्या टाकीतल्या खड्यांवर एक वेगळाच सूक्ष्मजीव सापडला. तो जिवाणू नव्हताच, आर्किया या निराळ्या कुळातला होता. नाव ठेवलं नायट्रोसोप्युमिलस मॅरिटिमस. पुढे लक्षात आलं की त्याचे भाऊबंद जगभरच्या समुद्रांत अफाट संख्येने आहेत. समुद्राचं एवढं मोठं गुपित मत्स्यालयाच्या टाकीत हाती लागावं, याची मला अजून मौज वाटते.

आता दगड आणायचा कुठून? मालवणच्या किनाऱ्यावरून पिशवीत घालून आणावा, हा विचार आधी डोक्यातून काढा. तिथला पट्टा 1987 पासून सागरी अभयारण्य आहे. शिवाय 2001 पासून खडक रचणारे सगळे प्रवाळ वन्यजीव संरक्षण कायद्याच्या पहिल्या अनुसूचीत आहेत. म्हणजे वाघाच्या पंगतीला. जिवंत प्रवाळ असो की त्याचा सांगाडा, शिक्षा 3 ते 7 वर्षं कैद. मुंबईच्या किनारी रस्त्याच्या कामात वरळी आणि हाजी अलीच्या खडकांवर प्रवाळांच्या 18 लहान वसाहती आड आल्या, तेव्हा 2020 मध्ये वन विभागाची रीतसर परवानगी घेऊन त्या उचलून दुसरीकडे लावाव्या लागल्या. सरकारी प्रकल्पाची ही कथा, तर आपली काय?

मग आपल्या ओढ्यातला काळा दगड? त्यालाही भोकं असतात. पण ती लाव्हा थिजताना अडकलेल्या वायूच्या बुडबुड्यांची. बहुतेक एकमेकांना जोडलेली नसतात, कित्येक पांढऱ्या खनिजांनी भरलेली असतात. पाणी आत झिरपत नाही, म्हणजे पोटातला कारभार बंद. शोभेला ठेवा हवा तर.

उरतो तो घडवलेला दगड. बाजारात भाजलेल्या मातीचा मिळतो, पण घरीही होतो. एक भाग पांढरं सिमेंट आणि तीन-चार भाग खडे मीठ व शिंपल्यांचा चुरा कालवून ओबडधोबड गोळे थापायचे. दोन-तीन दिवस ओले ठेवायचे, मग साध्या पाण्यात बुडवायचे. मीठ विरघळतं, त्याच्या जागी भोकं राहतात. सिमेंटमधला चुना मात्र पाण्याचा सामू 11 च्याही वर नेतो. म्हणून पाणी बदलत दीड-दोन महिने भिजत ठेवायचं, सामू 8.5 च्या खाली टिकेपर्यंत. स्लॅबला पाणी मारायचा कंटाळा करणाऱ्याने या भानगडीत पडू नये.

तयार दगड विकत घेत असाल तर कलिंगडाच्या उलट परीक्षा करा: आकाराच्या मानाने हलका तो चांगला. दुसऱ्याच्या टाकीत मुरलेला तुकडा मिळाला, तर त्याला समुद्राचा वास यावा. सडक्या अंड्यासारखी घाण येत असेल तर आत जीव मरून कुजताहेत. असा दगड थेट टाकीत घालणं म्हणजे उभ्या पिकाला कच्चं शेण घालणं. तो ब्रशने घासून वेगळ्या टपात, खाऱ्या हलत्या पाण्यात, अंधारात ठेवायचा. अंधार शेवाळ माजू नये म्हणून. वास जाईपर्यंत पाणी बदलत राहायचं.

पाण्याचीही एक खोच आहे. दगड करायला खडे मीठ चालतं, समुद्र करायला नाही. लिटरमागे 35 ग्रॅम क्षार, पण त्यात मॅग्नेशियम, कॅल्शियम, पोटॅशियम, सल्फेटही आलं. मत्स्यालयासाठीचं तयार मीठ आणि आरओचं पाणी घ्या. बोअरचं जड पाणी नको. मराठवाड्याच्या उन्हाळ्यात टाकीतलं पाणी उडतं, मीठ मागे राहतं, तेव्हा वरून भर घालायची ती गोड्या पाण्याची. पाणी 26 अंशांच्या आसपास राखायचं. वीज गेली तर पंप बंद आणि प्राणवायू संपायला लागतो, म्हणून बॅटरीवरचा हवेचा पंप जवळ हवाच.

कोऱ्या दगडाला विरजण लागतं: मुरलेल्या टाकीतला तुकडा किंवा बाटलीतले जिवाणू. आणि त्यांना खायला अमोनिया. कल्हईवाला वापरतो तो नवसागर म्हणजे अमोनियम क्लोराइडच. मात्र इथे प्रयोगशाळेच्या दर्जाचा घ्या. शंभर लिटरला अर्धा ते पाऊण ग्रॅम, त्याहून जास्त नाही. आधी अमोनिया चढतो, मग तो उतरताना नायट्राइट चढतं. हे जिवाणू सावकाश वाढतात. साध्या जिवाणूची संख्या अर्ध्या तासात दुप्पट होते, यांना बहुधा अर्धा-एक दिवस लागतो. म्हणून चार ते सहा आठवडे टाकीत नुसते दगड. घरचे विचारतील, मासे कुठे आहेत? लोणचं मुरायला लागतं तसं, म्हणून सांगा.

महिनाभराने पुन्हा तेवढाच नवसागर घाला आणि चोवीस तासांनी पाणी तपासा. अमोनिया शून्य, नायट्राइटही शून्य आलं, तर दगड तयार. साठलेलं नायट्रेट उतरवायला बरंचसं पाणी बदला, आणि मासा सोडा. पहिल्यांदा एकच.