दाराजवळच्या सोयी आणि रहिवाशांचे समाधान

मुंबई-भुसावळ लोहमार्गावरील चाळीसगाव हे जळगाव जिल्ह्यातील तालुक्याचे ठिकाण. येथून धुळ्याकडे रेल्वेचा फाटा जातो, तर कन्नड घाटातून मराठवाड्याची वाट. साहजिकच आसपासची खेडी बाजारहाट, दवाखाना आणि कचेरीची कामे यांसाठी या शहरावर विसंबून असतात. २०११ च्या जनगणनेनुसार शहराची लोकसंख्या सुमारे ९७ हजार होती. एवढ्या मोठ्या पेठेच्या गावात दुकानांची उणीव ती कसली, असे कोणासही वाटेल.

परंतु पेठेतील दुकानांच्या संख्येवर रहिवाशांचे समाधान ठरत नाही. मीठ, दूध, औषध, दळण अशा नित्याच्या गरजांसाठी किती चालावे लागते, वाटेत नदी वा रूळ ओलांडावे लागतात काय, मजूर कामावरून परतल्यावर दुकान उघडे असते काय, यावर ते ठरते. दुचाकीस्वाराला दोन किलोमीटर म्हणजे काहीच नव्हे. दळणाचा डबा घेऊन निघालेल्या वृद्धेला तेच अंतर जड जाते.

३१ ऑगस्ट २०२१ रोजी तितूर व डोंगरी या नद्यांना पूर आला आणि पाणी शहरातील घरांत व दुकानांत शिरले. सारा व्यवहार एकाच पेठेत एकवटलेला असेल, तर अशा वेळी दुकानदाराबरोबर दूरच्या वस्तीतील गिऱ्हाइकाचीही चूल अडते. वस्तीतील लहान दुकान ही केवळ सोय नव्हे. तो आधार होय.

या कामी कायद्याचे साह्य आहे. महाराष्ट्र प्रादेशिक व नगररचना अधिनियम, १९६६ अन्वये विकास योजनेत बाजार, दवाखाने इत्यादींसाठी जागा राखून ठेवता येतात. पथविक्रेत्यांविषयीच्या २०१४ च्या अधिनियमानुसार दर पाच वर्षांतून किमान एकदा विक्रेत्यांची पाहणी करावयाची असते. पहिली ते पाचवीच्या शाळेसाठी राज्यात एक किलोमीटरचे अंतर ठरलेले आहे. किराणा वा औषधाच्या दुकानासाठी मात्र असा दंडक नाही. म्हणूनच तेथे स्थानिक संस्थेची जागरूकता महत्त्वाची ठरते.

आरंभ अगदी साधा आहे. शिक्षकांनी विद्यार्थ्यांकडून घर ते किराणा दुकान, रास्त भाव दुकान, गिरणी आणि दवाखाना ही अंतरे पावलांनी मोजून घ्यावीत व वस्तीचा नकाशा करावा. गृहिणी, वृद्ध आणि अपंग यांना त्यांची अडचण विचारावी. हा नकाशा नगरपरिषदेपुढे, खेड्यात ग्रामसभेपुढे, ठेवला म्हणजे पुढील गाळा, थांबा वा दिवा कोठे हवा, याचे उत्तर लोकांच्याच पावलांतून मिळेल.