बाळसे आणि स्थूलता

मूल जन्मल्यावर काही आठवड्यांतच त्याचे गाल भरू लागतात, मनगटांवर व मांड्यांवर वळ्या पडतात आणि घरातील वडीलधारी माणसे समाधानाने म्हणतात, 'बाळाने बाळसे धरले.' हे समाधान अनाठायी नाही. जन्मसमयी अर्भकाच्या वजनाचा सुमारे सातवा ते आठवा हिस्सा मेदाचा असतो; सहाव्या महिन्याच्या सुमारास तोच हिस्सा एक चतुर्थांशाच्या जवळपास जातो. हा मेद शरीराची ऊब राखतो आणि आजारपणात शिधा म्हणून उपयोगी पडतो. पाचव्या महिन्याच्या सुमारास बाळाचे वजन जन्माच्या दुप्पट आणि वर्षाच्या अखेरीस तिप्पट व्हावे, ही निसर्गाचीच योजना होय.

मग बाळसे कोठे संपते आणि स्थूलता कोठे सुरू होते? केवळ डोळ्यांनी पाहून हे ठरविता येत नाही. लांबीच्या मानाने वजन किती, हे मोजूनच ते ठरते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीनुसार भारतात पाच वर्षांखालील मुलांत लांबीच्या मानाने अधिक वजन असणाऱ्यांचे प्रमाण २०१५-१६ मध्ये शेकडा २.१ होते, २०१९-२१ मध्ये ते ३.४ झाले. हा आकडा लहान आहे. त्याच पाहणीत वयाच्या मानाने खुरटलेली मुले शेकडा ३५.५ आढळली. कुपोषण व स्थूलता हे दोन्ही प्रश्न आपल्या देशात एकाच वेळी उभे आहेत, आणि ते परस्परांपासून वाटतात तितके दूर नाहीत.

मोजपट्टीचा प्रश्न

१९७७ साली अमेरिकेत तयार झालेले वाढीचे तक्ते पुढे अनेक देशांत वापरले गेले. त्यांतील अर्भकांची मापे प्रामुख्याने ओहायो राज्यातील, आणि बहुतांशी बाटलीने वरचे दूध पिणाऱ्या मुलांची होती. अशा तक्त्यावर अंगावर पिणारे निरोगी मूल काही महिन्यांनंतर मागे पडल्यासारखे दिसे. मग आईला दूध पुरत नाही असा समज होऊन वरचे दूध सुरू करण्याचा धोका असे. ही उणीव दूर करण्यासाठी जागतिक आरोग्य संघटनेने ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान व अमेरिका या सहा देशांतील सुमारे ८,५०० मुलांची मापे घेतली. भारतातील मुले दिल्लीची होती. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या नव्या तक्त्यांत स्तनपानावर वाढणारे मूल हाच आदर्श मानला आहे.

कृश अर्भकाचा मेद

पुणे परिसरातील खेड्यांत जन्मलेल्या बाळांची तुलना इंग्लंडमधील साउदॅम्प्टनच्या बाळांशी करणारे संशोधन २००३ साली डॉ. चित्तरंजन याज्ञिक व त्यांच्या सहकाऱ्यांनी प्रसिद्ध केले. पुण्याच्या बाळांचे सरासरी वजन २.७ किलो, तर साउदॅम्प्टनच्या बाळांचे ३.५ किलो भरले. पुण्याच्या बाळांचे स्नायू व पोटातील इंद्रिये लहान होती; परंतु त्वचेखालील मेद त्या मानाने फारसा कमी नव्हता. दिसावयास कृश असलेले बाळ मेदाच्या बाबतीत कृश असतेच असे नाही, हे यावरून स्पष्ट झाले.

दिल्लीत १९६९ ते १९७२ या काळात जन्मलेल्या मुलांचे निष्कर्ष २००४ साली प्रसिद्ध झाले. ऐन तिशीच्या आसपास ज्यांना मधुमेह अथवा त्याची पूर्वावस्था आढळली, ती माणसे बहुधा वयाच्या दोन वर्षांपर्यंत कृश होती. सर्वसाधारणपणे पहिल्या वर्षानंतर मुलाचा गोलसरपणा कमी होत जातो आणि सहाव्या वर्षाच्या सुमारास पुन्हा वाढू लागतो. या माणसांत ती वाढ लवकर सुरू झाली आणि पुढे वेगाने चालू राहिली. विशेष असे की, बाराव्या वर्षी त्यांच्यापैकी एकही स्थूल नव्हता.

यावरून मातापित्यांनी घ्यावयाचा बोध दुहेरी आहे. स्थूलतेच्या भीतीने अर्भकाचे दूध तोडणे चुकीचे. आणि मूल अशक्त आहे म्हणून त्यास साखर, तूप व बिस्किटे यांनी घाईने फुगविणेही चुकीचेच.

सवयींचा पाया

पहिले सहा महिने केवळ स्तनपान, आणि पुढे पूरक अन्नासह दोन वर्षे वा त्याहून अधिक काळ स्तनपान, हा सर्वमान्य नियम होय. आईच्या १०० मिलिलिटर दुधात प्रथिने सुमारे १ ग्रॅम असतात. गाईच्या दुधात ती तिपटीहून अधिक. युरोपातील पाच देशांत केलेल्या एका प्रयोगात अधिक प्रथिनांचे दूधपावडरीचे दूध मिळालेल्या मुलांत सहाव्या वर्षी स्थूलतेचा संभव, कमी प्रथिनांचे दूध मिळालेल्यांच्या तुलनेत, दुपटीहून अधिक आढळला. काही कारणाने वरचे दूध द्यावे लागलेच, तर ते वैद्यकीय सल्ल्याने व नेमक्या मापाने द्यावे. पावडरीचा एखादा चमचा अधिक घालू नये, आणि बाटली रिकामी झालीच पाहिजे असा आग्रह धरू नये.

अंगावर पिणारे मूल पोट भरले की आपण होऊन तोंड बाजूला करते. ही जाणीव उष्टावणानंतरही जपली पाहिजे. मऊ भात, वरण, मुगाची खिचडी, नाचणीची पेज, शिजवून कुस्करलेली भाजी, अंडे, फळ यांपैकी काय आणि केव्हा द्यावयाचे हे मोठ्यांनी ठरवावे. किती खावयाचे हे बाळाने. मान फिरविणे, ओठ मिटणे, चमचा दूर सारणे ही तृप्तीची चिन्हे होत. त्यानंतर गाणी गाऊन वा मोबाइल दाखवून आणखी चार घास भरविले, तर पोटाची खूण ओळखण्याची सवय मोडते. दोन वर्षांपर्यंत अन्नात साखर घालू नये. रडणाऱ्या प्रत्येक मुलास भूकच लागलेली असते असेही नाही; त्यास झोप, स्पर्श किंवा कोरडे लंगोट हवे असू शकते.

जागतिक आरोग्य संघटनेच्या २०१९ च्या शिफारशींनुसार चार ते अकरा महिन्यांच्या बाळास दिवसाकाठी १२ ते १६ तास झोप मिळावी. रांगू न शकणाऱ्या बाळास जागेपणी, कोणाच्या तरी देखरेखीखाली, दिवसभरात मिळून निदान अर्धा तास पालथे खेळू द्यावे. एक वर्षाच्या आतील मुलास पडद्यासमोर मुळीच बसवू नये.

लसीकरणाच्या वा अंगणवाडीच्या भेटीत वजनाबरोबर लांबीही मोजून घ्यावी आणि दोन्ही माता व बाल संरक्षण कार्डावर नोंदवावीत. वजनाची रेषा लांबीच्या रेषेला मागे टाकून झपाट्याने चढू लागली, अथवा एकाच जागी थबकली, तर डॉक्टरांना दाखवावे. तोवर घरच्या घरी बाळाचे दूध कमी करू नये आणि शेजारच्या गुटगुटीत बाळाशी त्याची तुलनाही करू नये.