दोष माऊसचा की आकड्याचा?

धुळ्याजवळ गोंदूरला, शिरपूरला आणि जळगावच्या विमानतळावर वैमानिक घडवले जातात. तेव्हा खानदेशातल्या एखाद्या घरी संगणकावर सेसना विमान उडत असेल तर नवल नाही. पडद्यावरच्या कॉकपिटमधले माऊसने फिरवायचे नॉब म्हणजे पोरखेळ, ते अडखळले की महागडे हार्डवेअर घ्यावे, हा समज मात्र तपासून पाहावा असा आहे. ‘फ्लाइटगिअर’ या मोफत सिम्युलेटरमध्ये प्रत्येक नॉब साध्या मजकुराच्या फाइलीत लिहिलेला असतो: तो कोणते मूल्य बदलतो, एका टिचकीला किती (म्हणजे पायरी), कुठून कुठपर्यंत, आणि टोकाला पोचल्यावर पुन्हा सुरुवातीला वळतो की थांबतो. अल्टिमीटरच्या, म्हणजे उंचीमापकाच्या, दाबाची पायरी पाऱ्याच्या ०.०१ इंचाची असेल तर माऊसच्या चाकाच्या एका टिचकीला उंची सुमारे १० फुटांनी हलते. तिथे चुकून ०.१ पडले, की तीच टिचकी १०० फुटांची उडी मारते आणि शिव्या खातो बिचारा माऊस. दिशेच्या नॉबला ३५९ नंतर ० वर वळावेच लागते. थ्रॉटलला तीच मुभा दिली तर पूर्ण जोरावर आणखी एक टिचकी देताच इंजिन मंद पडेल. नॉब उलटा फिरतो, या तक्रारीतही दोन वेगळी दुखणी एकत्र झालेली असतात. मूल्यच उलटे जात असेल तर पायरीचे चिन्ह बदलायचे. मूल्य बरोबर आणि फक्त चित्र उलटे असेल, तर चित्राच्या फिरण्याचा गुणक. फाइलीत दोन्हींचे नाव एकच, ‘फॅक्टर’, म्हणून हमखास भलताच आकडा बदलला जातो.

यावर आक्षेप येतो की खऱ्या नॉबचा हाताला लागणारा अटकाव माऊसला कुठून येणार? येणार नाहीच. न बघता बोटांनी नॉब ओळखणे माऊसवर शिकता येत नाही, आणि घरच्या संगणकावरचे तास व्यावसायिक वैमानिक परवान्याच्या २०० तासांत धरलेही जात नाहीत. पण म्हणून माऊस गोल गोल फिरवला की खरेपणा येतो, हेही खरे नाही. सरळ रेषेत ओढणे जास्त अचूक जमते. शिकण्याजोगी असते ती नॉबची दिशा: सेसना १७२ चा थ्रॉटल आत ढकलला की जोर वाढतो, मिक्श्चरचा (इंधन-हवेच्या मिश्रणाचा) लाल नॉब पूर्ण बाहेर ओढला की इंजिन बंद. असा आत-बाहेर सरकणारा नॉब फाइलीत उलटा बसवला असेल, तर नेमकी हीच दिशा उलटी पाठ होते.