शिग्गावची आजी

भूगाव, भुकूम मागे टाकून घाट उतरला की मुळशी तालुक्यातील पिरंगुट लागते. तेथे कारखाने उभे राहिले, परगावच्या कामगारांनी बिऱ्हाडे थाटली आणि पुष्कळ नातवंडांच्या वाट्याला आजी केवळ सुटीपुरती उरली. अशा बालकांना सुधा मूर्ती यांच्या बालपुस्तकांतील, उत्तर कर्नाटकातील शिग्गाव येथे राहणारी आजी विशेष आपली वाटावी.

मूळ इंग्रजीत 2012 साली प्रसिद्ध झालेल्या आणि पुढे मराठीतही आलेल्या ‘आजीच्या पोतडीतल्या गोष्टी’ या पुस्तकात ती सुटीला आलेल्या चार नातवंडांना गोष्टी सांगते. 2020 च्या पुढील पुस्तकात टाळेबंदीमुळे घरात अडकलेल्या त्याच मुलांना गोष्टींबरोबरच मुखपट्ट्या शिवण्यात आणि कामकऱ्यांसाठी अन्न रांधण्यातही सामील करून घेते. तिचा उपदेश कृतीतून येतो, म्हणूनच तो बालमनात रुजतो.

लेखिकेच्या स्वतःच्या आजीची हकीकत याहूनही उदात्त आहे. ‘कर्मवीर’ या कन्नड साप्ताहिकात क्रमशः येणारी लेखिका त्रिवेणी यांची कादंबरी नात आजीला वाचून दाखवी. नात परगावी गेली असता, अंक हाती असूनही अक्षर उमगेना, म्हणून व्याकूळ झालेल्या त्या माउलीने बासष्टाव्या वर्षी, दसऱ्यातील सरस्वतीपूजनाची मुदत घालून, कन्नड मुळाक्षरे गिरवली, आणि मुदत पुरी होताच गुरू म्हणून नातीच्याच पायांना स्पर्श केला.

ज्ञानापुढे वडीलपणाचा अभिमान गळून पडावा, हा संस्कार आजीइतक्या सहजतेने दुसरे कोण देणार?