वांडूरची प्रवाळबाग : काचेच्या तळाखालचे जग

दक्षिण अंदमानातील वांडूर येथील महात्मा गांधी सागरी राष्ट्रीय उद्यानाची स्थापना १९८३ मध्ये झाली असून, सुमारे २८१ चौरस किलोमीटरच्या या क्षेत्रात १५ बेटे आणि त्यांच्यामधल्या खाड्या मोडतात.

येथे पाहण्याजोगे सर्वांत मौल्यवान धन म्हणजे प्रवाळ. दगडासारखा दिसणारा हा वस्तुतः प्राण्यांचा समूह असून, त्यातील प्रत्येक इवला जीव, ज्याला पॉलिप म्हणतात, स्वतःभोवती चुन्याचे कवच रचतो आणि आपल्या पेशींत राहणाऱ्या सूक्ष्म शैवालांकडून अन्न व रंग दोन्ही मिळवतो. पाणी फार तापले की हे शैवाल बाहेर टाकले जाते आणि प्रवाळ पांढरा पडतो. यालाच विरंजन म्हणतात. २०१० मध्ये अंदमानातील प्रवाळांना याचा जबर तडाखा बसला.

काचेच्या तळाच्या होडीतून खाली पाहताना पोपटमासा चोचीसारख्या दातांनी प्रवाळ खरवडताना दिसतो. गिळलेला चुना तो बारीक वाळूच्या रूपाने बाहेर टाकतो, आणि किनाऱ्यावरील शुभ्र वाळूचा बराच भाग असाच घडलेला असतो, हे किती विलक्षण!

पर्यटकांसाठी जॉली बॉय व रेडस्किन ही बेटे आलटून पालटून खुली केली जातात, जेणेकरून एकाला विसावा मिळावा. एकदा वापरून फेकायचे प्लास्टिक नेण्यास सक्त मनाई आहे. पाण्यात उतरणाऱ्याने प्रवाळावर पाय ठेवू नये, कारण त्याच्या फांद्या सहज मोडतात आणि त्यांची वाढ अत्यंत सावकाश होते.