उपकारी जंतू

जंतू म्हटले, की रोगांची आठवण होते. परंतु सर्वच जंतू मनुष्याचे वैरी नसतात. खतांच्या कारखान्यांच्या सांडपाण्यात अमोनिया असतो. ते पाणी तसेच नदीत सोडले, तर मासे मरतात. म्हणून ते आधी मोठ्या हौदात घेऊन त्यात सतत हवा खेळवितात. तेथील एका जातीचे जंतू प्राणवायूच्या साहाय्याने अमोनियाचे नायट्राइट बनवितात. दुसऱ्या जातीचे जंतू त्याचे नायट्रेट करतात. अशा जंतूंचा शोध सर्गेई विनोग्राड्स्की या शास्त्रज्ञाने १८९० साली झुरिक येथे लावला.

पुढील हौदात मुद्दाम हवा सोडीत नाहीत. तेथील निराळे जंतू नायट्रेटमधील प्राणवायू वापरतात आणि नत्रवायू मोकळा होऊन हवेत मिसळतो. हवेत तो मुळातच सुमारे ७८ टक्के असतो. त्यामुळे अपाय होत नाही.

अमोनिया खाणारे जंतू मात्र फार सावकाश वाढतात. एखादे विषारी द्रव्य हौदात शिरले, तर ते मरतात. पुन्हा त्यांची संख्या भरून येईपर्यंत अमोनियाला अडविणारे कोणी उरत नाही. म्हणूनच या अदृश्य सेवकांना डोळ्यांत तेल घालून जपावे लागते. त्यांच्या जिवावरच नदीतील माशांचा जीव अवलंबून असतो.