एसयूव्हीचं प्रगतिपुस्तक

ब्रिटनमध्ये गाडी तीन वर्षांची झाली की दरवर्षी ‘एमओटी’ चाचणी. १९६० साली ती सुरू झाली तेव्हा दहा वर्षं जुन्या गाड्यांपुरतीच होती. घरची भारदस्त एसयूव्ही इथे अडखळते ती बहुधा इंजिनामुळे नव्हे. इंजिन, क्लच, गिअरबॉक्सची तब्येत तर कुणी पाहतच नाही! धूर तेवढा मोजतात. अडतं ते दिवे, टायर, ब्रेक आणि सस्पेन्शनपाशी. दीड-दोन टनांचं धूड खड्ड्यांत आदळून स्प्रिंग तुटतात, रबरी बुश झिजतात. टायरची नक्षी १.६ मिलिमीटरहून कमी भरली की नापास. गेलेला बल्ब, फाटका वायपर हा मात्र निव्वळ मालकाचा आळस. जुनी गाडी घेताना नंबर टाकला, की सरकारी संकेतस्थळावर तिचे आधीचे निकाल दिसतात. विक्रेत्याच्या गोड बोलण्याआधी मी तेच वाचेन.